शिट्टी आणि उचल

बेलापूर म्हटलं की पुण्यातली माणसं हमखास विचारतात, "नवी मुंबईतलं का?" नाही. आमचं बेलापूर प्रवरेकाठचं, श्रीरामपूर तालुक्यातलं, जिल्हा नगर, आता अहिल्यानगर. श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनचं नाव मात्र अजून बेलापूर. नाव तिकडे गाडी पकडायला गेलं आणि गाव इकडे नदीकाठी राहिलं, असं आमच्याकडे गमतीनं म्हणतात.

गावात आमचं एक लेझीम पथक आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे येणार आहे त्यात चूक माझी आहे, पथकाची नाही. सोमवार ते शुक्रवार मी हिंजवडीत कोड लिहितो. नागपंचमी झाली की गणपतीपर्यंत प्रत्येक शनिवार-रविवार गावी सरावाला. चार वर्षांपूर्वी आमच्या वस्तादांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि शिट्टी माझ्या गळ्यात आली. तेव्हा वाटलं होतं, टीम लीड होण्यापेक्षा हे सोपं असेल.

ज्यांनी लेझीम कधी हातात घेतलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लाकडी दांडा, दांड्याला लोखंडी साखळी, साखळीत चकत्या, धरायला मधे एक मूठ. हलगी ताल देते आणि शिट्टी हुकूम देते. चार आवाज, आठ आवाज, आगे फलांग, पीछे फलांग, दो रुख. हे हुकूम आमच्या गावात आजही हिंदीतच दिले जातात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. आम्ही छत्तीस जण, सहाच्या सहा ओळी. शिट्टी वाजली की छत्तीस अंगं एकाच क्षणी वाकतात. पहिल्या वर्षी मला याची जी झिंग चढली होती, तिच्याबद्दल खरं सांगायला अजून लाज वाटते. स्क्रीनवर एंटर दाबल्यावर कोड चालतो, तेव्हा मजा येतेच. पण इथे एंटर दाबल्यावर माणसं हलतात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शेजारच्या तालुक्यातून सुपारी आली. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची मिरवणूक, चार तास. पैसे बरे होते आणि त्यातून काय करायचं हेही ठरलं होतं: पथकातल्या दोन पोरांची कॉलेजची फी. सुपारी देणाऱ्यानं फोनवर एक बारीकशी अट घातली. "मुली पुढच्या ओळीत ठेवा, व्हिडिओ चांगला येतो." मी हो म्हणालो. हो म्हणताना काही खटकलं का? खटकलं, पण फीचा आकडा डोळ्यांसमोर होता.

आदल्या दिवशी सरावानंतर पथकातली एक मुलगी माझ्याकडे आली. बारावी झालेली, हाताला आणि पायाला दोन्हीला ताल असलेली. म्हणाली, "दादा, मला तिसऱ्या ओळीत ठेव ना. आणि हाताला फोड आलेत."

तिनं दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मी उत्तर फक्त दुसऱ्या गोष्टीला दिलं. म्हणालो, "विठाबाई नारायणगावकर माहितीय ना? खेळ चालू असताना बाळंत झाल्या, आणि परत बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या. तुला फोडांचं काय?" आजूबाजूची पोरं हसली, तीही हसली. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या ओळीत चार तास खेळली. परत येताना टेम्पोत तिनं मूठ उघडली तेव्हा तळहाताची कातडी सुटलेली दिसली. दोन पोरांची फी भरली गेली. त्यानंतर ती सरावाला आली नाही.

*

आमच्याकडून पुण्याला नगरमार्गेही जाता येतं, पण मला हिंजवडी गाठायची असते, म्हणून मी बहुतेक वेळा लोणी, संगमनेर करून पुणे-नाशिक महामार्गाला लागतो. रविवारी रात्रीचा हा रस्ता. त्या प्रसंगानंतर बरेच महिने तो मला नीट पार करता आला नाही, कारण ज्या गोष्टीतून मी पळत होतो ती त्याच रस्त्यावर ओळीनं उभी आहे. संगमनेर, हिवरगाव पावसा, नारायणगाव.

हिवरगाव पावसा लोकांना टोलनाक्यामुळे माहीत आहे. फास्टॅग वाजतो, दांडी वर जाते, गाडी पुढे. हे पवळाबाईंचं गाव. पवळा हिवरगावकर, जन्म १८७०, महार समाजातल्या. तमाशाच्या बोर्डावर बायांची कामं पुरुष नाचे करत होते, त्या काळात बोर्डावर उभ्या राहिलेल्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जातीनं ब्राह्मण. त्यांनी तमाशासाठी आणि पवळेसाठी घरदार सोडलं. बापूरावांची शाहिरी आणि पवळेचं नाचणं या जोडीवर अख्खा महाराष्ट्र तिकीट काढून लोटला. शाळेच्या पुस्तकात आपल्याला यातले बापूरावच जास्त भेटतात.

महाडच्या सत्याग्रहाच्या दिवसांत, १९२७ च्या सुमारास, बापूरावांनी डॉ. आंबेडकरांना सांगितलं की आपल्या खेळांचं उत्पन्न सत्याग्रहाच्या निधीला देतो. आंबेडकरांनी ते नाकारलं. बाईला नाचवून मिळालेला पैसा या कामाला नको, हा त्यामागचा अर्थ. चवदार तळ्याच्या लढ्याला पैशांची गरज नव्हती असं नाही. तरीही नको.

मी हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा आंबेडकरांच्या बाजूनं ताठ उभा राहिलो. आपल्याला बरोबर बाजूनं उभं राहायला आवडतं, विशेषतः शंभर वर्षांपूर्वीच्या भांडणात. दुसऱ्यांदा वाचला तो टेम्पोतल्या त्या मुठीनंतर. आणि मला दिसलं की आपण बापूरावांच्या जागेवर आहोत. हेतू चांगला होता, पैसा चांगल्या कामाला जाणार होता, आणि नाचणारं अंग माझं नव्हतं.

तिसऱ्यांदा वाचला तेव्हा वेगळंच काहीतरी टोचलं. देणारे बापूराव, नाकारणारे बाबासाहेब. पैसा ज्यांच्या पायांनी कमावला त्या पवळाबाई या गोष्टीत काय म्हणतात? मी जिथं जिथं ही गोष्ट वाचली तिथं त्या गप्प आहेत. कदाचित त्यांना द्यायचे असतील. आपल्याच समाजाच्या पाण्याचा लढा होता तो. कदाचित नसतील द्यायचे. आंबेडकरांचा नकार मला आजही बरोबर वाटतो, कारण ते एका खेळाच्या पैशाकडे पाहत नव्हते, तर ज्या रचनेत ठरावीक जातींच्या बायांनाच नाचावं लागतं आणि मग त्यांनाच नावं ठेवली जातात, त्या रचनेकडे पाहत होते. शैलजा पाईक यांनी दलित तमासगीर स्त्रियांवर एक आख्खं पुस्तक लिहिलंय, २०२४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली तेव्हा आमच्यासारख्या अनेकांनी त्यांचं नाव पहिल्यांदा गुगल केलं. पण नकार बरोबर असूनही ती गोष्ट अर्धीच राहते. नाचणाऱ्या माणसाला कोणी विचारलं, हा रकाना रिकामाच आहे.

माझ्या सुपारीतही तो रकाना रिकामाच होता. उलट तिनं तो स्वतःहून भरला होता. तिसरी ओळ, असं स्पष्ट बोलून.

*

हिवरगाव सोडून चंदनापुरी घाट चढला की पुढे आळेफाटा, मग नारायणगाव. बायपासमुळे आता गावात शिरावं लागत नाही. ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या आगेमागे इथं फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात आणि आपापल्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड इथला, आणि भाऊंची मुलगी विठाबाई.

त्यांची ती गोष्ट मी त्या मुलीला फेकून मारली होती. रील्सवर ती अजून फिरते, मागं ढोलकी लावून. वगाच्या मधेच कळा सुरू झाल्या, विठाबाई कनातीच्या मागं गेल्या, बाळ झालं, दगडानं नाळ तोडली आणि बाई परत बोर्डावर आल्या. रील तिथंच संपतं. मी पण तिथंच संपवली होती. पण जुनी माणसं ही गोष्ट सांगतात तेव्हा तिला पुढचा एक तुकडा असतो. पब्लिकच्या लक्षात आलं की मघाशी दिसणारं पोट आता दिसत नाही. काय झालं ते कळल्यावर लोकांनीच हात जोडले आणि खेळ थांबवायला लावला.

म्हणजे जिचं उदाहरण देऊन मी खेळ चालू ठेवला, त्या उदाहरणात खेळ थांबवला गेला होता.

अजून एक. विठाबाईंनी जे केलं ते स्वतःच्या अंगावर घेतलं. फड चालला नाही तर किती चुली पेटणार नाहीत, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ते दुसऱ्या कुणाला करायला लावलं नाही. स्वतः सोसलेलं दुसऱ्याला सांगितलं की त्याचा चाबूक होतो, आणि मी तर न सोसलेलंच सांगत होतो. माझ्या हाताला शिट्टीमुळे फोड येत नाहीत. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान घेतलेल्या या बाईला शेवटच्या आजारात दवाखान्याच्या पैशांची चणचण होती, २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या. हेही रीलमध्ये नसतं. ऑफिसात रिलीजच्या आदल्या रात्री कोणी "आपण एक कुटुंब आहोत" म्हणालं की मला आता विठाबाई आठवतात, आणि मी लॅपटॉप बंद करायला लागतो.

*

संगमनेर मुद्दाम शेवटी घेतलं, कारण तिथं मला थोडं उत्तर सापडलं. निदान उत्तराची दिशा तरी.

संगमनेर कांताबाई सातारकरांचं. तुकाराम खेडकरांच्या फडात त्या गाजल्या, त्यांच्याशीच संसार केला. १९६४ साली खेडकर गेले. पदरात पोरं, डोक्यावर छत नाही. काही वर्षांनी कांताबाईंनी स्वतःचा फड उभा केला, मुलगा रघुवीर खेडकर पुढे त्याच फडाचा सोंगाड्या आणि चालक झाला. कांताबाई वगात पुरुष भूमिकाही गाजवायच्या. विठाबाईंच्या नावाचा राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. २५ मे २०२१ रोजी कोरोनानं त्या गेल्या.

फड म्हणजे काय हे मी लहानपणी जत्रेत आजोबांच्या मांडीवर बसून पाहिलं होतं. पण तेव्हा दिसल्या त्या ट्रका, लाइटी आणि गवळण. हिशेब दिसला नव्हता. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं असतात: नाचणाऱ्या, वादक, सोंगाडे, तंबू ठोकणारे, स्वयंपाकी, ड्रायव्हर. हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि उन्हाळ्यात जत्रा संपेपर्यंत चालतो. हंगामाआधी प्रत्येक कलावंताला मालक उचल देतो. उचल म्हणजे आगाऊ रक्कम. घरचं कर्ज, पोरीचं लग्न, पावसाळ्यातलं पोट त्याच्यावर निघतं, आणि मग ती हंगामभर काम करून फेडायची. मालकाकडे तरी एवढा पैसा कुठून असणार? तो सावकाराकडून घेतो, पुढच्या जत्रांच्या सुपाऱ्यांच्या भरवशावर.

उचलीला शिव्या देणं सोपं आहे. ती माणसाला बांधून ठेवते, हे खरंच आहे. फड सोडायचा तर आधी उचल परत करावी लागते, आणि ती कशी करणार? वीटभट्टीवर, ऊसतोडीत आमच्या जिल्ह्यानं हीच पद्धत पाहिलीय, तिचे वळ पाहिलेत. पण फडात एक गोष्ट वेगळी सापडते. कांताबाईंसारखी मालकीण स्वतः त्याच बोर्डावर उभी असते, त्याच ट्रकमधून रात्री जाते, आणि कर्ज तिच्या नावावर असतं. जत्रा बुडाली तर आधी ती बुडते. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि देशभरातल्या लॉकडाऊनचा पहिला दिवसही तोच. ज्या दिवसांत वर्षाच्या सुपाऱ्या हातात यायच्या त्याच दिवसांत सगळ्या जत्रा रद्द झाल्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. उचली वाटून झालेल्या होत्या. सावकाराला लॉकडाऊन नव्हता.

हे वाचताना मी माझ्या पथकाचा हिशेब मनात मांडून पाहिला. आमच्याकडे कोणी कोणाला उचल देत नाही, हौसेचं पथक आहे. पण नीट पाहिलं तर दिली जातेच, फक्त उलट दिशेनं. छत्तीस पोरं-पोरी मला आगाऊ काहीतरी देतात. त्यांच्या संध्याकाळी, खांदे, तळहात, आणि "दादा सांगेल तिथं उभं राहू" हा भरवसा. शिट्टीत जो जोर आहे तो माझ्या फुप्फुसांचा नाही, त्या उचलीचा आहे. आणि कर्जदार मी आहे. त्या दिवशी मी घेतलेली उचल पुढाऱ्याच्या व्हिडिओवर खर्च केली आणि देणाऱ्यालाच वर विठाबाई ऐकवल्या.

*

हे सगळं मी वस्तादांना सांगितलं. वस्ताद सत्तरीचे, ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत बसलेले. त्यांनी आम्हाला शिकवताना कधी कोणाला काही विचारलं नाही. कान धरून ओळीत उभं केलं. त्यांच्यामुळे मी उभा राहायला शिकलो, हेही तितकंच खरं.

"इचारत बसला तर ताल जातो," ते म्हणाले. "आगे फलांगला शिट्टी मारली आणि एकानं म्हणलं थांबा, मला पटत नाही, तर मागचा त्याच्या पाठीत लेझीम घालीन."

याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण ते बरोबर आहेत. चालू खेळात मतदान घेता येत नाही. एकच शिट्टी लागते, आणि ती ऐकावीच लागते. नाहीतर खरोखर कुणाचं तरी डोकं फुटेल.

"पण वस्ताद, खेळायचं का, कोणापुढे खेळायचं, कोण पुढच्या ओळीत, हे तर शिट्टीच्या आधीचं आहे ना?"

ते बराच वेळ चोळत राहिले. मग म्हणाले, "आमच्या टायमाला पोरी नव्हत्या पथकात." आणि थोड्या वेळानं, "पोरांना तरी कुठं इचारलं म्हणा."

माझं म्हणणं एवढंच आहे. शिट्टीचा अधिकार शिट्टी वाजते तेवढ्या वेळेपुरता. तेवढ्या वेळात तो पूर्ण असू दे, त्यात कच खाऊ नये. पण आदल्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी मी छत्तिसातला एक. आपल्याकडे घोळ असा होतो की शिट्टी गळ्यातून काढायची राहून जाते. मंडळाचा अध्यक्ष, संस्थेचे सर, कंपनीतला मॅनेजर, सगळ्यांच्याच गळ्यात ती झोपतानासुद्धा असते. आणि समोरच्यालाही सवय होते. ती मुलगी हसली होती, हे मी विसरत नाही. तिच्या हसण्याला मी होकार समजलो, कारण तसं समजणं माझ्या सोयीचं होतं.

गेल्या वर्षी पुन्हा एक सुपारी आली, पुन्हा चांगल्या पैशांची. या वेळी मी ओट्यावर सगळ्यांना बसवलं, कोणाची मिरवणूक, किती तास, किती पैसे, कशाला, सगळं सांगितलं आणि चिठ्ठ्या दिल्या, नाव न घालता. नऊ जण नाही म्हणाले. सत्तावीस जणांत पुरी ओळ साधत नाही, मी सुपारी सोडली. एका पोराची फी राहिली. त्याच्या वडिलांनी उसनवारी करून भरली आणि मला पारावर, चार माणसांत विचारलं, "लोकशाही झाली का रे पोट भरून?" मी मान खाली घातली. आम्ही नंतर वर्गणी काढून निम्मे पैसे त्यांना दिले, त्यांनी ते घेतले, पण अजून नीट बोलत नाहीत. वस्तादांचं म्हणणं, शिस्त गेली. पथकातले दोघेजण दुसरीकडे गेले, तिथं सुपाऱ्या जास्त असतात. म्हणजे विचारणं फुकट पडत नाही. त्याचा खर्च कोणीतरी भरतं, आणि या खेपेला तो भरणाराही मी नव्हतोच.

त्या मुलीला मी मेसेज केला होता. लांबलचक, दोनदा खोडून लिहिलेला. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. ती आता नगरला शिकते असं कळलं. काही दिवसांनी तिचा धाकटा भाऊ सरावाच्या वेळी तिची लेझीम घेऊन आला. "ताईनं परत द्यायला सांगितली," म्हणाला, आणि तिथंच घुटमळत राहिला. मी विचारलं, खेळायचंय का. त्यानं मान हलवली. मी विचारलं, कोणत्या ओळीत. त्याला हा प्रश्नच विचित्र वाटला, पण थोडा विचार करून म्हणाला, "मागच्या."

लेझमीच्या मुठीला जुन्या सुती ओढणीचा तुकडा गुंडाळलेला होता, घट्ट, वरून दोऱ्यानं शिवलेला. त्या मिरवणुकीच्या आदल्या रात्री तिनं तो शिवला असणार. पोरगा म्हणाला, "हे काढू का? हात घसरतो."

"राहू दे," मी म्हणालो. मग आठवलं, आणि म्हणालो, "तुझा हात आहे. तू बघ."

त्यानं दोनदा वाजवून पाहिलं, तिसऱ्यांदा तुकडा थोडा वर सरकवला आणि सहाव्या ओळीत जाऊन उभा राहिला.